वावडं आणि हातगुण

मराठीत ॲलर्जीला जुना आणि नेमका शब्द आहे: वावडं. कुणाला वांग्याचं वावडं असतं, कुणाला कोळंबीचं. पुढे हा शब्द ताटाबाहेरही गेला. कुणाला कष्टांचं वावडं, कुणाला खरं बोलण्याचं. पण शरीराच्या बाबतीत तो वापरला की एक गोष्ट आपण न बोलता मान्य करतो: दोष वांग्यात नाही. पंगतीतले बाकीचे नव्याण्णव लोक ते मिटक्या मारत खातात. ज्याच्या ओठांना खाज सुटते त्या एकाचं आणि वांग्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.

बिब्ब्याचंही तसंच. बिब्बा कुणाला सोसतो आणि कुणावर उततो. ज्याच्यावर उतला त्याच्या अंगावर फोड येतात, आणि पुढे नुसता स्पर्श झाला तरी येतात. धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, बरोबर कॉलरच्या खुणेच्या जागी, पुरळ उठू लागलं तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना त्याचा शोध घ्यावा लागला. आपल्या आज्यांना तो शोध आधीच लागलेला होता.

दुसरा शब्द हातगुण. ‘त्या डॉक्टरांना हातगुण आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या औषधाबद्दल बोलत नसतो. तेच औषध दुसऱ्यानं दिलं तर लागू पडत नाही, यांनी दिलं की पडतं. माझ्या अंगावर लहानपणी पित्त उठायचं, तेव्हा आई आमसूल पाण्यात कुस्करून ते पाणी अंगाला चोळायची. खाज थांबायची. आमसुलानं थांबायची की आईच्या हातानं, हा प्रश्न त्या वयात पडत नाही.

तो मला पन्नाशीनंतर पडला. मी गेली अठरा वर्षं बंगळुरूत राहतो. पाऊस सरला की शिंका सुरू होतात आणि नोव्हेंबरात छातीत घरघर लागते. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली म्हणून एका कायरोप्रॅक्टरकडे जायचं ठरवलं होतं, तेव्हा एक सहकारी म्हणाला, ‘छातीचंही सांगा त्यांना. मणके जागेवर आले की ॲलर्जी जाते.’ मी सहा वेळा गेलो. तिथे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या सहा फेऱ्यांमुळे मी दोन शब्दांच्या मागे लागलो. ॲलर्जी आणि कायरोप्रॅक्टिक हे दोन्ही शब्द ग्रीकमधून घडवलेले, दोन्ही जेमतेम दहा वर्षांच्या अंतरानं जन्मलेले. आणि एका गोष्टीवरून दोघांचं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

*

१६ मार्च १८१९ रोजी लंडनमधल्या एका वैद्यकीय संस्थेपुढे डॉ. जॉन बोस्टॉक यांनी एका रुग्णाची हकिगत वाचली. रुग्णाचं नाव आद्याक्षरांपुरतं: जे. बी., वय ४६. आठव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात याचे डोळे लाल होत, खाजत, नाक वाहे, शिंकांची सरबत्ती लागे आणि छाती आवळल्यासारखी होई. ऋतू सरला की सगळं थांबे. हा जे. बी. म्हणजे खुद्द बोस्टॉकच. त्यांनी स्वतःवर काय काय करून पाहिलं होतं त्याची यादी वाचताना आज अंगावर काटा येतो: रक्त काढून घेणं, जुलाब, अफू, पारा, थंड पाण्याच्या आंघोळी. कशानंही गुण आला नाही. नऊ वर्षांनी, १८२८ मध्ये, त्यांनी असेच आणखी २८ रुग्ण नोंदवले. लोक या दुखण्याचा संबंध वाळल्या गवताशी लावत होते. बोस्टॉकना ते पटत नव्हतं. त्यांचा संशय उन्हावर होता.

लोकांचा अंदाज खरा होता हे सिद्ध केलं मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलींनी. त्यांनाही हेच दुखणं. निरनिराळ्या गवतांचे परागकण गोळा करून ते स्वतःच्या नाकात घालत आणि काय होतं ते लिहून ठेवत. हाताची कातडी खरवडून तिच्यावर पराग चोळत आणि गांध उठते का ते बघत. ॲलर्जीच्या दवाखान्यात आज हातावर टोचून जी चाचणी करतात तिची ही पणजी. उंचावर पराग असतात का हे बघायला त्यांनी पतंगाला चिकट लेप दिलेल्या काचा बांधून त्या आभाळात सोडल्या. १८७३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि गवताचे पराग हेच कारण हे पक्कं झालं.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. ब्लॅकली होमिओपॅथ होते. त्या काळच्या प्रतिष्ठित वैद्यकाच्या पंगतीत त्यांना पाट नव्हता. तरीही त्यांचे प्रयोग टिकले, कारण ते कुणालाही पुन्हा करून बघता येत होते. माणूस कोणत्या पंथाचा आहे यापेक्षा त्यानं पडताळा कसा घेतला हे महत्त्वाचं, हे या इतिहासात पुढेही उपयोगी पडणार आहे.

मग १९०१. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच संशोधक समुद्रातल्या विषारी जिवांचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचायला सुरुवात केली. कल्पना अशी की थोडं थोडं विष दिलं की शरीराला सवय होईल. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्याला पहिल्या वेळी काही झालं नाही. काही आठवड्यांनी तेवढंच किरकोळ विष पुन्हा दिलं, तर तो धापा टाकू लागला, कोसळला आणि थोड्याच वेळात मेला. सवय व्हायच्या ऐवजी शरीर जणू डूख धरून बसलं होतं. रिशेनं याला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं आणि १९१३ मध्ये त्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच सुमारास व्हिएन्नात लहान मुलांचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांना वेगळाच प्रश्न पडला होता. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातून काढलेली लस मुलांना टोचत. तिनं जीव वाचत, पण आठ-दहा दिवसांनी काही मुलांना ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे सुजत. दुसऱ्यांदा टोचलं तर हे सारं फार लवकर आणि जास्त जोरात होई. पिर्केच्या ध्यानात आलं की रोगापासून वाचवणारी शरीराची ताकद आणि हा त्रास देणारा स्वभाव या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. शरीर एकदा कशाला तरी भेटलं की बदलतं, आणि दुसऱ्या भेटीत वेगळं वागतं. या ‘वेगळं वागण्या’ला त्यानं १९०६ मध्ये म्युनिकच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात नाव दिलं: ॲलर्जी. ग्रीकमध्ये ‘ॲलोस’ म्हणजे निराळं, ‘एर्गोन’ म्हणजे कार्य.

*

त्याच १९०६ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपीच्या काठच्या डेव्हनपोर्ट गावी, एक साठीचा दाढीवाला माणूस तुरुंगात होता. डॅनियल डेव्हिड पामर. गुन्हा: परवान्याशिवाय वैद्यकी. दंड भरला असता तर सुटला असता; त्यानं आधी नकार दिला.

पामर कॅनडात जन्मला. त्यानं शाळामास्तरकी केली, किराणा दुकान चालवलं, मधमाश्या पाळल्या. पुढे नऊ वर्षं तो ‘चुंबकीय उपचार’ करत होता, म्हणजे रोग्याच्या अंगावर हात ठेवून स्वतःच्या शरीरातली शक्ती त्याला देत असे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याच्या इमारतीत सफाईचं काम करणाऱ्या हार्वी लिलार्ड या कृष्णवर्णीय गृहस्थाची पाठ त्यानं तपासली. लिलार्डला १७ वर्षं ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि तेव्हापासून कान गेले, असं त्यानं सांगितलं. पामरला पाठीचा एक मणका उचललेला वाटला. त्यानं तो दाबून बसवला आणि लिलार्डला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज ऐकू येऊ लागला, असं पामर सांगे. लिलार्डच्या मुलीनं पुढे वेगळंच सांगितलं: विनोदावर हसता हसता पामरनं तिच्या वडिलांच्या पाठीत पुस्तकाचा रट्टा घातला आणि सगळी सुरुवात तिथून झाली.

यातलं खरं काय हे आता कोण सांगणार? पण शरीररचना सांगता येते. कानाची नस कवटीतच सुरू होते आणि कवटीतच संपते. पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध नाही. पामरला मात्र या एका अनुभवातून जगातल्या जवळपास सगळ्या रोगांची किल्ली सापडली. मणके जागचे हलतात, नसा चिमटल्या जातात आणि शरीराच्या अंगभूत शहाणपणाची वाट अडते. मणका जागेवर आणला की वाट मोकळी होते. त्याच्या मते शंभरातले पंच्याण्णव रोग मणक्यांमुळे होतात. सॅम्युएल वीड या त्याच्या ओळखीच्या धर्मोपदेशकानं या विद्येला ग्रीक नाव जुळवून दिलं: ‘केर’ म्हणजे हात आणि ‘प्राक्तिकोस’ म्हणजे कृती करणारा. शब्दशः पाहिलं तर हस्तकर्म. १८९७ मध्ये पामरनं शाळा काढली.

आपल्याकडचा हाडवैद्य निखळलेला खांदा बसवतो आणि तिथेच थांबतो. खांदा बसवला म्हणून दमा जाईल असं तो म्हणत नाही. पामरनं हाडवैद्याच्या हाताला तत्त्ववेत्त्याचं तोंड जोडलं. त्याचं यश आणि त्याची अडचण, दोन्ही त्या जोडणीत आहेत.

*

रोगी त्याच्याकडे का गेले, हे समजून घ्यायला त्या काळच्या दमेकऱ्याच्या जागी बसून पाहायला हवं. डॉक्टरांकडे त्याच्यासाठी काय होतं? अफूपासून बनवलेली औषधं. धोतऱ्याच्या पानांच्या विड्या. ही धूर ओढायची रीत १८०२ च्या सुमारास आपल्याच मद्रासहून इंग्लंडात गेली होती आणि तिथून जगभर पसरली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकागोचे फ्रान्झ अलेक्झांडर यांच्यासारखे मोठे मनोविश्लेषक दमा हा मुख्यतः मनाचा रोग मानत होते: आईला उद्देशून दाबून टाकलेला हुंदका. श्वास कोंडलेल्या मुलाच्या आईला डॉक्टरच्या खोलीत हे ऐकावं लागे. त्या खोलीतून बाहेर पडून ती अशा माणसाकडे गेली, जो मुलाला पालथं निजवून त्याच्या पाठीवर हात ठेवे, अर्धा तास देई आणि ‘दोष मणक्यात आहे, तुझ्यात नाही’ असं म्हणे, तर त्यात नवल काय?

डॉक्टरांची संघटना या माणसांशी न्यायानं वागली असंही नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टरशी कसलाही व्यावसायिक संबंध ठेवणं अनैतिक ठरवलं. चेस्टर विल्क आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये खटला भरला. अकरा वर्षांनी, १९८७ मध्ये, न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी निकाल दिला की संघटनेनं एका अख्ख्या व्यवसायाला संपवण्यासाठी बेकायदा बहिष्कार टाकला होता. कायरोप्रॅक्टरांसाठी हा मोठा विजय होता. पण तो निकाल व्यापारातल्या स्पर्धेच्या कायद्याखालचा होता. मणका दाबल्यानं दमा बरा होतो की नाही, हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं नव्हतं आणि त्यानं ते केलंही नाही.

*

त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खरं तर १९२१ मध्येच मिळालं होतं. ब्रेस्लाऊ शहरात, जे आज पोलंडमध्ये व्रोत्सवाफ म्हणून ओळखलं जातं, कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर हे दोन डॉक्टर एकत्र काम करत होते. क्युस्टनरला माशाचं वावडं होतं, प्राउस्निट्झला नव्हतं. क्युस्टनरच्या रक्तातलं थोडं पाणी प्राउस्निट्झनं स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे लालबुंद गांध उठली. शेजारच्या कातडीवर काही नाही.

या प्रयोगाचा अर्थ साधा आहे आणि तो विसरता येत नाही. एका माणसाचं वावडं दुसऱ्या माणसाच्या अंगावर कपभर जागेत नेऊन ठेवता आलं. त्यासाठी क्युस्टनरचे मणके, नसा, मेंदू, यांतलं काहीच बरोबर न्यावं लागलं नाही. लागले ते रक्तातल्या पाण्याचे काही थेंब. म्हणजे वावडं रक्तात होतं. नेमकं काय होतं ते कळायला आणखी ४५ वर्षं गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दाम्पत्य आणि स्वीडनच्या उप्सालामध्ये योहान्सन व बेनिख, अशा दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे ते प्रथिन शोधलं. १९६८ मध्ये त्याचं नाव ठरलं: आयजीई.

आज आपण ही गोष्ट अशी सांगू शकतो. पहिल्या भेटीत शरीर परागाची, शेंगदाण्याची किंवा धुळीतल्या किड्याची ओळख पटवून त्याच्याविरुद्ध आयजीई तयार करतं. हे रेणू नाकाच्या, श्वासनळीच्या, कातडीच्या अस्तरातल्या मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या भेटीत पराग त्यांना चिकटला की पेशी फुटून हिस्टामिन आणि इतर द्रव्यं बाहेर पडतात. काही मिनिटांत नाक वाहतं, कातडी फुगते, श्वासनळी आवळते. हा सगळा व्यवहार जागच्या जागी होतो. वरून हुकूम यावा लागत नाही.

सगळीच वावडी या एका वाटेनं जात नाहीत. १९५० च्या दशकात पुण्यात उकिरड्यांवर एक परकी वनस्पती नोंदली गेली. आपण तिला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो. काही वर्षांतच तिनं देशभरातल्या पडीक जमिनी व्यापल्या. शेतकऱ्यांचे आणि मोलमजुरांचे चेहरे, माना, हात यांच्यावर चिवट इसब दिसू लागला आणि सत्तरीच्या दशकात पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याचे रुग्ण जगापुढे मांडले. हे वावडं आयजीईचं नाही. ते बिब्ब्याच्या जातीचं आहे: रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी लक्षात ठेवलेलं, दोन दिवसांनी उठणारं. पण दोन्हीकडे नियम एकच. आधी भेट, मग लक्षात राहणं, मग त्रास. जी वनस्पती आमच्या पणजोबांनी पाहिलीच नव्हती तिचं वावडं त्यांना होणं शक्य नव्हतं.

आता मणक्यांची बाजू. मज्जासंस्थेचा श्वासाशी काहीच संबंध नाही असं म्हणणं चूक होईल. श्वासनळी आवळायला लावणारी एक मोठी नस आहे, वेगस. पण ती मेंदूच्या देठातून निघून कवटीच्या तळाच्या छिद्रातून खाली उतरते. दोन मणक्यांच्या फटीतून ती येत नाही. मणका सरकून ती चिमटली जाईल ही शक्यता चित्रातही काढता येत नाही.

*

तरीही प्रश्न शरीररचनेनं संपत नाही. कारण कळलं नाही तरी उपचार लागू पडू शकतो. तेव्हा ब्लॅकलीचाच रस्ता धरावा लागतो: करून पाहायचं.

१९६४ मध्ये डेट्रॉइटचा कायरोप्रॅक्टर जॉर्ज गुडहार्ट यानं स्नायूंची ताकद अजमावून रोग ओळखायची पद्धत काढली. पुढे ती ॲलर्जी ओळखायला वापरली जाऊ लागली. रोग्यानं एका हातात पदार्थाची कुपी धरायची, दुसरा हात ताणून धरायचा. वैद्यानं तो खाली दाबायचा. हात ढिला पडला की त्या पदार्थाचं वावडं. या फांदीला आपल्याकडचा कलमही लागला. केरळातून अमेरिकेत गेलेल्या देवी नंबुद्रीपाद यांनी, ज्या कायरोप्रॅक्टरही आहेत आणि ॲक्युपंक्चरही करतात, १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात या चाचणीला पाठीच्या कण्यालगतच्या बिंदूंवरच्या दाबाची जोड देऊन ॲलर्जी ‘घालवण्याची’ पद्धत काढली. ती आज जगभर शिकवली जाते. त्यांची स्वतःची कथा अशी की वर्षानुवर्षं त्यांना मोजकेच पदार्थ चालत, आणि एकदा ॲक्युपंक्चर घेताना गाजर अंगाला लागून होतं, त्यानंतर गाजराचा त्रास गेला. त्यांच्या सच्चेपणावर शंका घ्यायचं कारण नाही. पण हात दाबणाऱ्याला आणि दाबून घेणाऱ्याला कुपीत काय आहे हे कळू दिलं नाही, तर ही चाचणी नाणेफेकीपेक्षा फारशी सरस ठरत नाही. युरोपातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ती वापरू नका असं स्पष्ट सांगतात. शेंगदाण्यानं ज्याचा घसा सुजतो त्याला ‘आता खायला हरकत नाही’ असं चुकीचं सांगितलं गेलं, तर चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

मणके बसवण्याच्या उपचाराचा नीट पडताळा कॅनडात घेतला गेला आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची औषधं घेऊनही त्रास होणारी ७ ते १६ वर्षांची ९१ दमेकरी मुलं. चार महिने अर्ध्यांना खरा कायरोप्रॅक्टिक उपचार, अर्ध्यांना हुबेहूब तसाच दिसणारा खोटा: तेच टेबल, तेच हात, फक्त मणका हलवायचा नाही. ८० मुलांचे निकाल हाती आले. मुलांना बरं वाटलं. औषधाचे फवारे कमी लागले. आयुष्य सुसह्य झालं. दोन्ही गटांत, सारखंच. फुप्फुसांच्या चाचण्यांत मात्र दोन्ही गटांत म्हणण्यासारखा बदल नव्हता.

मी हा निकाल पुन्हा पुन्हा वाचला. कायरोप्रॅक्टिकचे विरोधक त्यात ‘फरक नाही’ एवढंच वाचतात आणि समर्थक ‘मुलांना बरं वाटलं’ एवढंच. दोन्ही खरं आहे. त्या चार महिन्यांत दोन्ही गटांना हातगुण मिळाला होता. मणका हलला की नाही यानं त्यात फरक पडला नाही.

हातगुणाची मर्यादा २०११ मध्ये बॉस्टनच्या एका प्रयोगात आकड्यांत उतरली. दमेकऱ्यांना आळीपाळीनं चार गोष्टी दिल्या: श्वासनळी उघडणाऱ्या औषधाचा खरा फवारा, औषध नसलेला फवारा, ॲक्युपंक्चरचं नुसतं नाटक, आणि काहीच नाही. ३९ जणांनी प्रयोग पुरा केला. खऱ्या औषधानं श्वास २० टक्क्यांनी सुधारला. बाकी तिन्ही वेळा सुमारे ७ टक्क्यांनी. पण किती बरं वाटतंय असं विचारल्यावर खऱ्या फवाऱ्याला ५० टक्के सुधारणा, खोट्या फवाऱ्याला ४५, खोट्या सुयांना ४६. काहीच न करता नुसतं बसवलं तेव्हा २१. म्हणजे छाती बंद असतानाही माणसाला ती उघडल्यासारखी वाटू शकते. सर्दीच्या बाबतीत ही देणगी आहे. दम्याच्या बाबतीत तो सापळा आहे, कारण बरं वाटणारा माणूस फवारा घरी विसरतो.

हे मोठ्यानं बोलण्याची किंमतही चुकवावी लागली आहे. २००८ मध्ये मूळच्या पंजाबी कुटुंबातले ब्रिटिश विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी, मुलांच्या दम्यासारख्या दुखण्यांवर कायरोप्रॅक्टिक चालतं या दाव्यांना पुरावा नाही असं एका दैनिकात लिहिलं. ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. दोन वर्षं आणि बराच पैसा त्यात गेला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयानं सिंग यांचं म्हणणं हे मत आहे असं मानलं आणि संघटनेनं दावा मागे घेतला. या प्रकरणामुळे तिथे जी चळवळ उभी राहिली तिचा २०१३ च्या नव्या अब्रुनुकसानी कायद्याला हातभार लागला. शिकागोत डॉक्टरांनी कायरोप्रॅक्टरांना बाहेर ठेवलं होतं. लंडनमध्ये कायरोप्रॅक्टरांनी प्रश्न विचारणाऱ्याला न्यायालयात ओढलं. दोन्ही वेळी ज्याचा श्वास अडकला होता तो माणूस बाजूलाच राहिला.

*

आता माझ्या सहा फेऱ्या. तो माणूस सभ्य होता, हात गरम होते, मन लावून ऐकायचा. तिसऱ्या फेरीनंतर कंबर सैल झाली. हे अपेक्षितच होतं. कंबरदुखीवर या उपचाराचा थोडाफार उपयोग होतो असं अभ्यासही सांगतात. मानेला झटका मात्र मी देऊ दिला नाही. क्वचित का होईना, त्यात रक्तवाहिनी फाटल्याची उदाहरणं आहेत. चौथ्या फेरीनंतर छातीही हलकी वाटू लागली. खरंच वाटू लागली. मी घरी तसं सांगितलं आणि रात्रीचा फवारा बंद केला.

आमच्याकडे पीक फ्लो मीटर आहे. जोरानं फुंकायची प्लास्टिकची नळी. त्यातला काटा श्वासाचा वेग सांगतो. मुलीच्या आग्रहानं मी रोज फुंकून वहीत आकडा लिहीत होतो. उपचार सुरू करण्याआधी ३४०. छाती हलकी वाटत होती त्या आठवड्यात ३४०, ३३०, ३३०. मुलीनं वही माझ्यापुढे ठेवली. ती काही बोलली नाही. मी फवारा पुन्हा सुरू केला. महिन्याभरानं ४२०.

त्या माणसावर माझा राग नाही. मला जे हलकं वाटलं ते त्यानं दिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त ते माझ्या श्वासनळीत नव्हतं. आई आमसुलाचं पाणी चोळायची तेव्हाही कदाचित असंच होत असेल. अंगावरचं पित्त बहुतेक वेळा काही तासांत आपोआप बसतं. तोवर कुणीतरी जवळ बसावं लागतं आणि ती बसायची. पण एकदा शेजारच्या मुलाला गांधीलमाशी चावून त्याचे ओठ सुजले, आवाज बसला, तेव्हा तिनं आमसूल काढलं नाही. त्याला उचललं आणि रस्त्यात दिसेल त्या रिक्षानं दवाखान्यात नेलं. तिथे त्याला ॲड्रेनलिन टोचलं. पिर्के, रिशे ही नावं तिनं कधी ऐकली नव्हती. कुठे हात पुरतो आणि कुठे पुरत नाही, हे तिला ठाऊक होतं.

कंबर धरली की मी अजूनही त्या माणसाकडे जातो. छातीचं त्याला सांगत नाही. वही आणि नळी पलंगाशेजारी असते, फवारा तिच्या बाजूला.